पुलावरच्या कामगाराला 'खलाशी' का म्हणायचं?

साखळीकर: आमच्या शेजारच्या काकांच्या रेल्वेतल्या जुन्या कागदावर हुद्दा आहे 'ब्रिज खलाशी'. आपल्या गोव्यात खलाशी म्हणजे माळीमच्या नाहीतर कुटबणच्या जेटीवरून ट्रॉलरवर जाणारा. जन्मात बोटीवर न चढलेल्या माणसाला हे नाव म्हणजे कुणा साहेबाची कारकुनी. रेल्वेतून हा शब्द गेला ते बरंच झालं.

मुरगावकर: अहो, तो शब्द एकट्या दर्याचा कधी नव्हताच. अरबी 'खलास' म्हणजे सुटका, त्यावरून तो फारसी-हिंदुस्तानीतून आपल्याकडे आला. कंपनीच्या काळात तंबू ठोकणारे, तोफा ओढणारे सगळे खलाशीच. जिथे दोरखंड आणि अवजड ओझं, तिथे खलाशी. पुलाचा गर्डर, म्हणजे लांबलचक तुळई, चढवताना दुसरं काय असतं? कप्पी, दोर, जॅक आणि एका दमात 'हैस्सा'!

डिचोलीकर: आमच्याकडे खलास झाला म्हणजे आटोपलाच! इतक्या उंचीवर चढणाऱ्याला हे नाव?

मुरगावकर: थट्टा राहू द्या. केरळात बेपूरचे मापिळा खलाशी उरू नावाची लाकडी गलबतं दोर-कप्पीच्या बळावर पाण्यात लोटतात. 1988 मध्ये पेरुमण पुलावरून आयलंड एक्सप्रेस अष्टमुडी तलावात कोसळली, तेव्हा डबे ओढून काढायलाही हेच खलाशी होते. बोट वेगळी नि पूल वेगळा, हे तुम्ही-आम्ही काठावर बसून ठरवायचं.

साखळीकर: ते कसबी लोक. रेल्वेतला खलाशी म्हणजे सगळ्यात खालची पायरी. गंज खरवड, रंग मार, बेअरिंगला ग्रीस लाव. नाव तेच, पण मान कुठाय?

फोंडेकरीण: नाव बदलून मिळाला का मान? 2019 च्या भरतीत हाच हुद्दा 'असिस्टंट ब्रिज' होता. ऐकून वाटतं फायली नेऊन देणारा कुणीतरी. आणि गंज खरवडणं हलकं काम वाटत असेल, तर 5 जुलै 1986 ला मांडवीवरचा नेहरू पूल कसा बसला ते घरातल्या मोठ्यांना विचारा.

डिचोलीकर: बाई, तो काँक्रीटचा पूल. गंजल्या त्या आतल्या केबली. तिथे खलाशी काय खरवडणार, कपाळ? उदाहरण द्यायचंच तर लोखंडी गर्डरचं द्या.

फोंडेकरीण: बरं, गर्डरचं घ्या. तिथे तरी खरवडायला माणूस लागतो ना?

साखळीकर: माणूस लागतो हो, नाव नीट द्या एवढंच म्हणतोय. 'सेतुरक्षक' काय वाईट आहे?

मुरगावकर: वरून हाक मारून बघा एकदा. 'अहो सेतुरक्षक' म्हणेपर्यंत दोर सुटायचा.