ऑफशोअर पॉवरबोटीत गॅस द्यायला वेगळा माणूस कशाला?

मालाडकर:
२०१७ च्या मार्चमध्ये मरीन ड्राइव्हच्या कठड्यावरून पी-वन पॉवरबोटींची शर्यत पाहिली, तेव्हापासून या खेळाचं वेड लागलंय. हल्ली क्लास वनचे, म्हणजे खुल्या समुद्रातल्या सर्वांत वरच्या गटाच्या शर्यतींचे, जुने व्हिडिओ बघतोय. त्यात एकाच्या हातात स्टिअरिंग, दुसऱ्याच्या हातात नुसते गॅसचे, म्हणजे इंजिनाचा वेग कमी-जास्त करायचे दांडे. एकाला दोन्ही जमत नाही का?

सारंगा_अलिबाग:
मी मांडव्याकडे स्पीडबोटींची इंजिनं दुरुस्त करतो, त्यामुळे माझ्या बाजूने सांगतो. लाटेवरून बोट उडाली की पंखा पाण्याबाहेर येतो. भार गेला की इंजिन एकदम बोंबलतं. त्याच रेसवर पंखा परत पाण्यात आपटला की सगळा दणका गिअरवर. अशी उडवलेली एक बोट माझ्याकडे आली होती. गिअरबॉक्सचं तेल काढलं तर राखाडी, आणि तळाशी दातांचे तुकडे. म्हणून उडताक्षणी रेस उतरवायची, टेकता टेकता पुन्हा द्यायची, आणि हे लाटेगणिक. नजर पुढच्या लाटेवर, कान इंजिनावर. वळणाची खूण असलेला तरंगता बोया शोधत, शेजारची बोट चुकवत हे एकट्याने करणं फार अवघड. या माणसाला थ्रॉटलमन म्हणतात. माझ्या मते बोटीचा खरा तांडेल तोच.

निळा_बोया:
सहमत, पण तळाचं श्रेयही द्या. १९६० च्या मायामी-नसाऊ शर्यतीत समुद्र खवळलेला होता. रे हंटने आखलेली, इंग्रजी व्ही अक्षरासारख्या खोल तळाची ‘मॉपी’ बोट आठ तासांत पोहोचली, दुसरी बोट त्यानंतर दोन तासांनी! सपाट तळ लाटेवर आपटतो, हा कापत जातो. पुढे जोडहोड्यांसारख्या कॅटमरान आल्या. त्यांच्या मधल्या बोगद्यात हवा भरते, बोट उचलली जाते, वेग वाढतो. पण नाळ (बोटीचं पुढचं टोक) जास्त उचलली तर बोट उलटते. १९९० मध्ये मोनॅकोजवळ जगज्जेता स्तेफानो कासिरागी बोट उलटूनच गेला. त्यानंतर बंद कॉकपिट आणि सीटपट्टे सक्तीचे झाले. व्हायलाच हवे होते, आधीच.

मालाडकर:
मग मुंबईतल्या बोटींत दुसरा माणूस काय करत होता?

सारंगा_अलिबाग:
तिथे गॅस ड्रायव्हरच्याच हातात. शेजारचा नॅव्हिगेटर: बोया कुठे, मागून कोण येतंय, हे सांगणारा. बोटी लहान, त्यामुळे भागतं. क्लास वनचे व्हिडिओ आवाज मोठा करून बघा. बोट हवेत असताना इंजिन किंचाळलं नाही, तर थ्रॉटलमन पक्का.