गिफ्ट तिलापियाच्या (चिलापीची सुधारित जात) बोटुकल्या, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, नर की मादी, डीएनएवरून कळेल का?

भिगवणकर_तळे: शेततळ्यात 'ऑल मेल' (सगळे नर) म्हणून घेतलेलं बीज सोडलं. आता जाळं ओढलं तर कित्येक चिलापींच्या तोंडात अंडी! पिल्लावळ माजली की खाद्य वाया जातं, मोठा मासा होतच नाही. पुढच्या वेळी पैसे देण्याआधी तपासता येईल?

मत्स्य_पदवीधर: येईल, पण काय तपासलंय ते नीट समजून घ्या. गिफ्ट ही नाईल तिलापियाचीच जात; त्यात गुणसूत्रांनी नर एक्सवाय, मादी एक्सएक्स. वाय गुणसूत्रावर एएमएच या लिंग ठरवण्याशी संबंधित जनुकाची जादा प्रत असते, तिचं नाव एएमएचवाय. पराचा छोटा तुकडा कापून पीसीआर (डीएनएचा ठराविक भाग वाढवून ओळखणारी चाचणी) केलं की ती दिसते. मासा मरत नाही.

गोम इथेच आहे. बाजारातलं बहुतेक बीज मिथिल टेस्टोस्टेरॉन हे नर-हार्मोन मिसळलेलं खाद्य देऊन नर केलेलं असतं. त्यातले निम्मे जनुकाने एक्सएक्सच, पण वागतात नरासारखे. तुमच्या अहवालात ते 'मादी' येतील. हे हार्मोनचं खाद्य कमी पडलं असेल तर खऱ्या माद्या उरतात, तुमच्याकडे तेच झालं असावं.

भिगवणकर_तळे: मग चाचणीचा फायदा कुणाला?

मत्स्य_पदवीधर: हॅचरीला, म्हणजे बीज तयार करणाऱ्या केंद्राला. वायवाय नर (दोन्ही गुणसूत्रं वाय असलेला) शोधायला पूर्वी प्रत्येक नराची पिल्लं वाढवून त्यातले नर-मादी मोजावे लागत, आता पर पुरतो. वायवाय नर आणि साधी मादी, की पिल्लं जवळपास सगळी एक्सवाय.

जुना_कोळी: तुम्ही बोटुकल्या थोड्या मोठ्या घ्या, उलट्या करून छिद्रं बघा. मादीला एक जास्त.