नोराचा शेवटचा प्रवेश बसवायचा आहे, सल्ला हवा

अबोली_सांगली
नमस्कार मंडळी. ८ मार्चला आमच्या महिला मंडळात नॉर्वेचा नाटककार इब्सेन याच्या 'अ डॉल्स हाउस'चा शेवटचा प्रवेश करायचं ठरलंय. नोरा नवऱ्याला, हेल्मरला, समोर बसवून म्हणते, लग्नाला आठ वर्षं झाली, आपण एकदाही गंभीरपणे बोललो नाही. आणि घर सोडते, तो. कॉलेजात वाचलं होतं. आता दोन मुलांची आई झाल्यावर परत वाचलं, तर 'आधी बाबांची बाहुली होते, मग तुमची' या जागेवर पुस्तक मिटून बसून राहिले. वेळ ३५ मिनिटं, खर्चाला सगळं धरून ६,००० रुपये. सगळ्या बायकाच, हेल्मर माझ्या जाऊबाई करणार आहेत. संहिता कुठली घ्यावी, आणि शेवटी दार आपटल्याचा आवाज येतो तो कसा करायचा? आमच्या हॉलमध्ये स्टेजवर दार नाही.

विंगेतला
२२ वर्षं प्रकाशयोजना करतोय. दार खरंच हवं. प्लायचं दार आपटलं की मागचा फ्लॅट, म्हणजे नेपथ्याची भिंत, हलतो आणि सगळा प्रवेश हातचा जातो, आमचा स्पर्धेत गेलाय. सागवानी चौकट भाड्याने घ्या, दोन स्पॉट, एक डिमर. नाट्यगृहच घ्या खरं तर. १८,००० मध्ये बसेल.

अबोली_सांगली
६,००० आहेत हो दादा.

मोगरा७२
आपलं असताना परकं कशाला? गडकऱ्यांचा 'एकच प्याला' घ्या. मी गॅदरिंगला सिंधू केली होती, पहिलं बक्षीस मिळालं. अजून लोक ओळख काढतात.

धूळपाटी
मोगराताई, सिंधू मोठीच आहे, पण ती अगदी उलट्या टोकाला आहे. ती मरतानाही सुधाकराला वाचवते. नोरा विचारते की बायको आणि आई व्हायच्या आधी मी माणूस आहे की नाही. अबोलीताईंना हा प्रश्न करायचा आहे, त्याला सिंधू कशी चालेल?

मोगरा७२
सिंधूला प्रश्न पडत नव्हते असं कोण म्हणतं? तिला बोलू दिलं नाही, एवढंच. यावर वेगळा धागा काढते.

निवृत्त_कॅशियर
नुसता शेवट केलात तर प्रेक्षकांना कळणार नाही की नोराने केलं काय. ३१ वर्षं बँकेत काढली, त्यामुळे मला ते रोख्याचं प्रकरण फार आवडतं. नवऱ्याच्या आजारपणात त्याला इटलीला न्यायला तिने गुपचूप कर्ज काढलं, जामीन म्हणून वडिलांची सही स्वतःच केली. वडील वारले २९ सप्टेंबरला आणि सहीखाली तारीख २ ऑक्टोबर! तिथेच सापडली. त्या काळी तिकडे बायकोला नवऱ्याच्या संमतीशिवाय कर्जच काढता येत नसे, हे पहिल्या अंकात आहे. हे तीन मिनिटांत कुणाकडून तरी सांगून घ्या. आणि सुरुवात हेल्मर कर्ज देणाऱ्याचं पहिलं पत्र वाचून तिच्यावर ओरडतो तिथून करा. मग रोखा परत येतो, तो म्हणतो 'मी वाचलो!', आणि ती विचारते, 'आणि मी?' या दोन शब्दांवर सगळं उभं आहे.

कृष्णाकाठ
वरच्या प्रतिसादाला +१. दार मात्र खरं हवं.

चिंगी
आमच्या मंडळात हाच प्रवेश केला होता. पाहुण्यांना रुचणार नाही म्हणून शेवटी नोराला मुलांसाठी परत फिरवलं. टाळ्या पडल्या, काही बायका रडल्या. तसं करा, वाद नको.

धूळपाटी
कृपा करून नको! हे १८८० मध्येच जर्मनीत होऊन गेलंय. 'मी माझ्या मुलांना सोडून कधीच जाणार नाही' म्हणत तिथल्या नटीने तो शेवट करायला नकार दिला. नाटकाच्या हक्कांना कायद्याचं संरक्षण नव्हतं, दुसऱ्या कुणी बदलण्यापेक्षा म्हणून इब्सेनने स्वतःच पर्यायी शेवट लिहून दिला: हेल्मर तिला मुलांच्या खोलीच्या दाराशी नेतो आणि ती तिथे कोसळते. त्याला स्वतःला ती नाटकाची रानटी विटंबना वाटत होती. ज्या बाईवरून त्याला नोरा सुचली, त्या लॉरा कीलरने नवऱ्याच्या क्षयासाठीच कर्ज काढलं होतं, आणि नवऱ्याने तिला वेड्यांच्या इस्पितळात टाकलं. इतकं सोसून आलेल्या गोष्टीला आपण पाहुण्यांसाठी परत फिरवायचं?

चिंगी
आमची नोरा नंतर माझ्याशी वर्षभर बोलली नाही, हेही खरं. तेव्हा मला कळलं नव्हतं का ते.

पानपुडी
संहितेबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहिते. अनंत काणेकरांचं 'घरकुल' (१९४१) आहे, पण ते रूपांतर आहे, माणसं आपल्याकडची होतात. शिवाय अनुवादकाचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो, म्हणजे वारसांची परवानगी लागेल. इब्सेन १९०६ मध्ये गेला, आर्चरचं इंग्रजी भाषांतरही हक्कमुक्त आहे, तो १९२४ मध्ये गेला. त्यावरून स्वतः मराठी करा. तिकीट लावून जाहीर प्रयोग करणार असाल तर रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं (संहिता तपासणाऱ्या सरकारी मंडळाचं) प्रमाणपत्र आधी बघा.
दाराचं म्हणाल तर मूळ रंगसूचना नीट वाचा. नोरा दिवाणखान्यातून बाहेर जाते, हेल्मर एकटा बसलेला, आणि आवाज *खालून* येतो, रस्त्याकडच्या दाराचा. प्रेक्षकांना ते दार दिसतच नाही.

विंगेतला
मग खालून स्पीकर लावा. माझ्याकडे चांगला आहे, भाडं वाजवी लावेन.

नाटकवेडा
हेल्मरला पुरुष घ्या. बाईने केला तर त्याचा तोरा येत नाही.

धूळपाटी
बालगंधर्वांनी सिंधू केली तेव्हा हे कुणी म्हटलं नाही.

अबोली_सांगली
सगळ्यांचे मनापासून आभार. रात्री दोनपर्यंत बसून पहिली दहा पानं मराठीत केली. नावं नोरा-हेल्मरच ठेवतेय. नाट्यगृह नाही, स्पॉट नाहीत, स्पीकर नाही. पहिल्या मजल्यावरच्या हॉलमध्येच, ट्यूबलाइटमध्ये करणार. नाचाचा पोशाख उतरवून नोरा रोजच्या कपड्यांत येते, तिथे मी घरातली फिकी सुती साडी नेसणार, म्हणजे तोही खर्च नाही. हेल्मर जाऊबाईच. काल वाचताना त्यांनी 'तू आधी बायको आणि आई आहेस' हे इतकं सहज म्हटलं की स्वयंपाकघरातून सासूबाई बाहेर येऊन उभ्या राहिल्या.
शेवटी मी प्रेक्षकांमधून चालत जिना उतरणार आणि खालचं इमारतीचं लोखंडी गेट ओढून घेणार. वॉचमनकाकांना सांगून ठेवलंय की सातपर्यंत गेट उघडं ठेवा.

पानपुडी
गेटला तोवर तेल घालू देऊ नका.