घाट उतरताना दुसरा गिअर सुटतो, गिअरबॉक्स उघडावा का?

पसरणीवाली

नमस्कार मंडळी,

गाडी २०१० ची पेट्रोल हॅचबॅक. पाच गिअर, तारेचा क्लच. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर पुढचे पन्नास प्रतिसाद "तीच कशाला घेतली" यावर जातील. मी राहते वाईला, शाळा पाचगणीत, म्हणजे पसरणीचा घाट रोज चढायचा आणि रोज उतरायचा. गाडी वडिलांची. पंधरा वर्षं भरली तेव्हा फेरनोंदणी करून घेतली आहे, त्यामुळे निदान ती मुदत संपेपर्यंत तरी वापरायचीच आहे.

सकाळी गाडी थंड असताना पहिल्यातून दुसरा गिअर पडत नाही. जोर लावावा लागतो, मग खट् करून बसतो. निम्मा घाट चढेपर्यंत बराच सुधारतो. रिव्हर्स टाकताना खर्र असा आवाज येतो, मी घरी आले हे शेजारच्या काकूंना त्यावरूनच कळतं. उभ्या गाडीत न्यूट्रलला बारीक गुणगुण येते, क्लच दाबला की ती गप्प.

हे सगळं मी चालवून घेत होते. पण हल्ली उतरताना दुसऱ्यावर असताना अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढला की दांडा आपोआप न्यूट्रलला येतो. दर वेळी नाही. मागच्या आठवड्यात नेमका वळणावर सुटला, पुढे पर्यटकांची बस आणि माझी गाडी मोकळी. घाम फुटला.

गॅरेजवाला म्हणतो गिअरबॉक्स पूर्ण उघडायचा, २२ हजार. काय काय बदलणार विचारलं तर "उघडल्यावर कळेल". गाडीला आज लाखसुद्धा कोणी देणार नाही. क्लच प्लेट दोनेक वर्षांपूर्वी बदलली आहे, तेव्हा गिअर ऑइलही बदललं म्हणाले. बिलावर नुसतं "गिअर ऑइल २ लि." एवढंच आहे.

काय करावं?

हायवेचा_राजा

विकून टाका. पंधरा वर्षांच्या गाडीत पैसे घालणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

पसरणीवाली

चेक कुठल्या नावाने पाठवताय?

जुना_फिटर

ताई, बावीस हजार अजून पर्समध्येच राहू द्या. साताऱ्यात आमचं गॅरेज आहे, आता मुलगा बघतो, मी बाकड्यावर बसून चुका काढतो. तुम्ही चार दुखणी लिहिलीत. चारही गिअरबॉक्सच्या पोटातली आहेत असं मला वाटत नाही. बाहेरून तपासायचं ते आधी तपासा, मग पोट फाडा.

पहिली तपासणी फुकटची. सपाट जागेवर, हँडब्रेक ओढून, इंजिन बंद ठेवून पाचही गिअर आणि रिव्हर्स टाकून बघा. मग इंजिन चालू करून, क्लच तळापर्यंत दाबून पुन्हा तेच. बंद असताना लोण्यासारखे पडतात आणि चालू असताना भांडतात, तर दोष क्लच पूर्ण न सुटण्याचा. बंद असतानाही दांडा अडतो, तर लिंकेजचे (म्हणजे दांड्यापासून गिअरबॉक्सपर्यंतच्या जोडणीचे) बुश, नाहीतर मग आत काहीतरी. अजून एक करा. रस्ता सपाट, पुढे मोकळी जागा, पहिला गिअर टाका, क्लच पूर्ण दाबलेलाच ठेवा आणि हँडब्रेक सोडा. गाडी हळूच पुढे सरकायला लागली तर क्लच चिकटतोय. प्लेट नवी घातली म्हणता, पण तार नवी घातली का? बहुतेक जण नवी प्लेट आणि जुनीच तार अशी जोडी लावून देतात. जुनी तार ताणली जाते, घाटातल्या पावसाने आत गंजते, आणि मग पेडल तळाला टेकलं तरी क्लच पूर्ण सुटत नाही.

रिव्हर्सचं बरंचसं कोडं इथेच सुटेल. तुमच्या वयाच्या छोट्या गाड्यांत (म्हणजे गाडीच्या वयाच्या, गैरसमज नको) रिव्हर्सला सहसा सिंक्रो, म्हणजे दात भिडण्याआधी वेग जुळवणारी रिंग, नसते. क्लच दाबल्यावर आतला शाफ्ट थांबायला दोन-तीन सेकंद लागतात, तेवढं थांबायचं. किंवा आधी पुढचा एखादा गिअर टाकून लगेच रिव्हर्स टाकायचा, शाफ्ट थांबतो. एवढं करूनही खर्र आलं तर तार बघायची.

आता न्यूट्रलची गुणगुण. हे मात्र आतलं. न्यूट्रलला क्लच सोडलेला असतो तेव्हा गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट इंजिनबरोबर फिरतो, दाबला की थांबतो. दाबल्यावर आवाज बंद होत असेल तर इनपुट शाफ्टचं बेअरिंग बोलतंय. उलटं असतं, म्हणजे दाबल्यावर आवाज सुरू झाला असता, तर रिलीज बेअरिंग, म्हणजे पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं. या दोघांची गल्लत करून कित्येकांची नवी प्लेट उगाच परत काढली गेली आहे. तुमचं बेअरिंग लगेच दगा देणार नाही, पण ते तसंच पळवलं तर त्याचा चुरा ऑइलमध्ये मिसळतो आणि बाकीची बेअरिंगंही खातो.

गिअर सुटण्याचं जरा सविस्तर सांगतो, कारण तेवढंच धोक्याचं आहे. चढताना इंजिन चाकांना ढकलतं. उतरताना पाय काढला की चाकं इंजिनला ढकलतात. गिअरचे दात तिरके असल्यामुळे ताण फिरला की गिअरवरचा आडवा रेटाही उलटतो, आणि इंजिन आपल्या माउंटिंगवर, म्हणजे ज्या रबरी आधारांवर ते बसवलेलं असतं त्यांवर, दुसऱ्या बाजूला कलतं. एखादं माउंटिंग फाटलेलं असेल तर इंजिन इतकं डुलतं की लिंकेजचा रॉडच दांड्याला ओढून न्यूट्रलला आणतो. गिअर आतून धडधाकट, आणि बिल मात्र त्याच्या नावावर. बॉनेट उघडा, दुसऱ्या कुणाला गाडीत बसवा, फूटब्रेक आणि हँडब्रेक दोन्ही. पहिला गिअर टाकून क्लच धरायला लागेपर्यंतच सोडायचा, मग तसंच रिव्हर्सवर. तुम्ही बाजूला उभं राहून बघायचं. गाडीच्या समोर नाही आणि मागेही नाही. इंजिन थोडं कलणारच. पण उडी मारून आपटत असेल तर माउंटिंग गेलं.

माउंटिंग आणि बुश चांगले निघाले तर मग आतल्या गोष्टी: गिअर जागेवर धरणाऱ्या गोळीची स्प्रिंग, फोर्क (स्लीव्ह सरकवणारा काटा), आणि स्लीव्ह (गिअरला शाफ्टशी जोडणारं सरकतं कडं) व गिअर जिथे एकमेकांत अडकतात तिथले छोटे दात. घासून त्यांचे कोपरे गोल झाले की पकड राहत नाही. चालवताना हात दांड्यावर ठेवायची सवय असेल तर आजपासून सोडा, तो भार सरळ फोर्कवर जातो.

आणि हे सगळं होईपर्यंत ही गाडी घाटात नेऊ नका. एसटीने जा. गिअर सुटला की सगळा भार ब्रेकवर, आणि पसरणीच्या उतारावर तापलेले ब्रेक कसे वास मारतात ते तुम्हाला मी सांगायला नको.

राहिला थंडीतला दुसरा गिअर. माझा पहिला संशय त्या बिनानावाच्या "२ लि." वर. आपल्याकडे गिअरबॉक्स बोलायला लागला की त्यात १४० नंबरचं जाड ऑइल ओततात. आवाज दबतो, गिऱ्हाईक खूश. पण सिंक्रो रिंगचं काम काय, तर दात भिडण्याआधी गिअरच्या कोनावर (शंकूसारख्या निमुळत्या भागावर) घासून दोघांचा वेग सारखा करायचा. त्यासाठी तिच्या अंगावरच्या बारीक चऱ्यांनी मधलं ऑइल कापलं गेलं पाहिजे. जाड ऑइल थंड असताना कापलंच जात नाही, रिंग घसरते, दुसरा अडतो. गरम झालं, पातळ झालं, की गाडी सरळ. तुम्ही लिहिलंय अगदी तस्संच. दुसरं म्हणजे जीएल-४ आणि जीएल-५ या गिअर ऑइलच्या दोन प्रतींचा फरक. जीएल-५ मध्ये गंधक-फॉस्फरसची मात्रा जास्त असते, काही ऑइलं पितळी रिंगांना मानवत नाहीत. गाडीच्या पुस्तकात असेल तेच घाला. अशा बऱ्याच गाड्यांना ७५डब्ल्यू-९०, जीएल-४ चालतं, पण माझ्यापेक्षा पुस्तकावर विश्वास ठेवा.

ऑइल काढताना स्वतः उभ्या राहा. आधी वरचा, म्हणजे ऑइल भरायचा बोल्ट सुटतो का ते बघायचं, मगच खालचा सोडायचा. खालचा सोडला आणि वरचा गंजून बसलेला निघाला तर गाडी तिथेच मुक्कामाला. खालच्या बोल्टला चुंबक असेल तर त्यावरचा राखाडी लगदा नॉर्मल. लोखंडाचे तुकडे नॉर्मल नाहीत. पितळ चुंबकाला चिकटत नाही, त्यामुळे ऑइल पांढऱ्या बशीत घेऊन उन्हात तिरकं धरून बघा. सोनेरी चकाकी दिसली तर ती रिंगेची झीज.

हायवेचा_राजा

एवढ्या भानगडीपेक्षा कुर्ल्याला सीएसटी रोडवरून जुना गिअरबॉक्स आणा, बसवा, विषय संपला.

जुना_फिटर

संपेलही. पण तो कुठल्या गाडीतून, का उतरवला हे विकणाराही सांगू शकत नाही. आणायचाच तर शाफ्ट हाताने फिरवून बघा, वर-खाली हलवून बेअरिंगची ढिलाई बघा, आणि आपल्या गाडीचाच नंबर आहे ना ते जुळवा. बाहेरून सारखा दिसणारा डबा आतून वेगळ्या रेशोचा निघतो, मग पाचव्याला इंजिन ओरडतं नाहीतर चढाला मरतं. आणि उतरवण्या-चढवण्याची मजुरी दोन्हीकडे सारखीच पडते, हे कोणी बोलत नाही.

घोडबंदर_ट्रॅफिक

थोडं अवांतर. माझी जुनी एएमटी. ट्रॅफिकमध्ये पहिल्या-दुसऱ्यात झटके देते आणि चढावर जळका वास येतो. हाही गिअरबॉक्सच का?

जुना_फिटर

एएमटी म्हणजे आतला गिअरबॉक्स हाताचाच. क्लच दाबायला आणि गिअर टाकायला तुमच्याऐवजी यंत्र ठेवलंय, एवढंच. २०१४ साली सेलेरिओबरोबर आपल्याकडे हा प्रकार आला, तेव्हा लोकांनी त्याला ऑटोमॅटिक समजून चढावर ब्रेकऐवजी अ‍ॅक्सिलरेटरवर गाडी धरायला सुरुवात केली. ते धरणं म्हणजे हाफ क्लच. वास त्याचाच. आधी ब्रेक वापरा. प्लेट बदलावी लागली तर नंतर स्कॅनर लावून क्लच कुठे धरतो हे गाडीला पुन्हा शिकवून घ्यायला सांगा. ते न करता गाडी हातात दिली तर नव्या प्लेटवरही झटके तसेच.

पसरणीवाली

काका, सगळं केलं. भावाला गाडीत बसवलं, मी बाजूला उभी.

इंजिन बंद असताना सगळे गिअर पडतात, दुसरा किंचित जड. चालू असताना पहिल्यात क्लच दाबूनही गाडी सरकते. तार जुनीच होती! नवी टाकून पेडलची मोकळी चाल लावून घेतली. रिव्हर्स आता मुकाट पडतो, काकूंची माहितीची सोय गेली.

मागचं माउंटिंग फाटलेलं. ते बदलल्यावर सपाट रस्त्यावर बरंच बरं वाटलं, पण मुद्दाम दुसऱ्यावर पाय सोडून बघितलं तेव्हा एकदा सुटलाच. ऑइल काढलं तर काकवीसारखं जाड, काळं. बशीत सोनेरी चकाकी आहे. तुकडे नाहीत. गुणगुण आहे तशीच.

म्हणजे उघडावा लागणारच ना?

जुना_फिटर

लागणार. पण आता "उघडल्यावर कळेल" असं तुम्हाला कोणी म्हणू शकत नाही. कागदावर लिहून घ्या: इनपुट शाफ्टचं बेअरिंग, दुसऱ्याची सिंक्रो रिंग, ड्राइव्हशाफ्टची (गिअरबॉक्समधून चाकांकडे जाणाऱ्या दांड्यांची) दोन्ही सीलं. दुसऱ्याचा स्लीव्ह, गिअरचे दात आणि फोर्क बघून ठरवायचं, तुमच्यासमोर. रिंग गिअरच्या कोनावर दाबून धरायची आणि रिंग व गिअर यांच्यातली फट फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) मोजायची. फट जवळजवळ उरलीच नसेल तर रिंग संपली. बाकीच्या रिंगाही तशाच मोजून घ्या, डबा उघडलाच आहे. डबा खाली आहे तोवर क्लच प्लेट आणि रिलीज बेअरिंग नुसतं बघून घ्या, चांगलं असेल तर हात लावू देऊ नका. जुने सुटे भाग परत मागा.

पसरणीवाली

हीच यादी घेऊन दुसऱ्या गॅरेजला गेले. मजुरी, ऑइल धरून तेरा हजार म्हणाले, स्लीव्ह आणि गिअर लागले तर वेगळे, आधी फोन करून. काम द्यावं का?

जुना_फिटर

द्या. आधी फोन करतो म्हणणारा बरा. ऑइलचा डबा सील फोडताना बघा आणि ग्रेड बिलावर लिहून घ्या.

सोलापुरी_चटका

वाखुसा (वाचनखूण साठवली). काका, माझ्या गाडीत बाकी चारही गिअर गप्प, फक्त पाचव्याला घुंईं आवाज.

जुना_फिटर

डाव्या-उजव्या ड्राइव्हशाफ्टच्या बुडाशी ओल दिसते का, वाकून बघा. बऱ्याच छोट्या गाड्यांत पाचवा गिअर डब्याच्या टोकाला, वेगळ्या झाकणाखाली असतो. ऑइल कमी झालं की आधी तोच उपाशी राहतो. वरचा बोल्ट काढून बोट घाला. गाडी सपाटावर असताना ऑइल भोकाच्या काठापर्यंत लागलं पाहिजे. लागलं नाही तर आज पाचवा वापरू नका, उद्या सील बदला, ऑइल भरा आणि मग आवाज राहतो का ते इथे लिहा.