मदत हवी आहे: कॅम्पर व्हॅनच्या एअर बेलोसाठी १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर कोणता घ्यावा?

नमस्कार मंडळी,

कॉम्प्रेसर जळला. कोजागरीच्या आधी आईला घेऊन गुहागरला जायचंय, आणि या खेपेला चुकीची वस्तू गळ्यात पडू द्यायची नाही. म्हणून हा धागा. थोडं सविस्तर लिहितो, म्हणजे परत परत विचारावं लागणार नाही.

मी सांगलीत विश्रामबागला राहतो. गाडी ट्रॅव्हलर, एमएच-१० पासिंग, आतून कॅम्पर केलेली. मागे पाटेच (लीफ स्प्रिंग) आहेत. त्यांच्या जोडीला ॲक्सल आणि चासीच्या मध्ये हवा भरायचे दोन बेलो बसवलेत, गॅरेजवाले ज्याला बलून म्हणतात ते. म्हणजे पूर्ण एअर सस्पेन्शन नाही, पाट्यांना आधार आहे. पाण्याची टाकी भरून वजनकाट्यावर नेली तेव्हा मागच्या ॲक्सलवर २,३१० किलो आले. वजन मर्यादेत आहे. हवा भरली म्हणून ॲक्सलची ताकद वाढत नाही, हे मला माहीत आहे. १०० लिटरची टाकी, ओटा आणि दोन्ही बॅटऱ्या डाव्या अंगाला असल्यामुळे गाडी उभ्या उभ्याच डावीकडे दोन बोटं बसलेली दिसते.

आईच्या खुब्याचं ऑपरेशन झालंय. ती मागच्या पलंगावर आडवी होऊन प्रवास करते. नुसत्या पाट्यांवर गाडी होती तेव्हा खड्डा आला तरी ती तोंडातून शब्द काढायची नाही, पण पलंगाच्या दांड्यावर आवळलेली तिची बोटं मला आरशात दिसायची. बेलो बसवल्यावर पहिल्याच खेपेला तिला कराडच्या अलीकडे झोप लागली ती थेट पाटणला उघडली. त्यामुळे बेलो काढून टाका असं कृपया सुचवू नका.

आता काय बिघडलं ते. ज्यांनी काम केलं त्यांनी दोन्ही बेलोंना मिळून हवेची एकच लाइन दिली, मध्ये टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड. कॉम्प्रेसर म्हणून टायरमध्ये हवा भरायचा छोटा पंप सीटखाली आवळला, हवेची टाकी दिली नाही, आणि दाब उतरला की पंप चालू करणारा प्रेशर स्विच लावून ‘ऑटोमॅटिक झालं’ म्हणून सांगितलं. कुंभार्ली घाट उतरताना त्याचा अर्थ कळला. वळणावर बाहेरच्या बेलोवर भार आला की त्यातली हवा टीमधून आतल्या बेलोत पळते. म्हणजे ज्या बाजूला टेकू हवा, नेमकी तीच बाजू खाली बसते. एका वळणावर ओट्यावरचं कपाट उघडलं आणि शेंगदाण्याच्या चटणीचा स्टीलचा डबा आईच्या पायाशी येऊन आदळला. मी गाडी कडेला घेतली आणि पाच मिनिटं तसाच बसून राहिलो.

परतीला पोफळीहून वर चढून कोयनानगरला आलो तर सीटखालून जळका वास. पंपाला हात लावता येईना. घरी येऊन सगळ्या जोडांना साबणाचं पाणी लावलं. टीच्या एका तोंडाशी मोहरीएवढे बुडबुडे, एकामागे एक. नळी काढून पाहिली तर पकडीने तोडलेली, टोक तिरकं. पुश-फिट कनेक्टरमधल्या रबरी रिंगवर ती पूर्ण बसलीच नव्हती. म्हणजे हवा थोडी थोडी गळत होती, स्विच दर सात-आठ मिनिटांनी पंप चालू करत होता, आणि सलग चालण्यासाठी जो बनवलेलाच नाही त्याला दिवसभर राबवलं.

आता मी हिशोब मांडलाय, चुकला असेल तर सांगा. एका बेलोत साधारण २ लिटर जागा. दोन्ही बेलो १० पीएसआयवरून ६० पर्यंत न्यायचे तर सुमारे १४ लिटर मोकळी (बाहेरच्या साध्या दाबाची) हवा लागते. हे काहीच नाही, मध्यम कॉम्प्रेसर मिनिटाच्या आत करेल. पण मला त्याच यंत्रावर टायरही भरायचेत. एका टायरमध्ये ५० लिटर जागा धरली तर ४० वरून ६० पीएसआयला ६८ लिटर हवा, आणि असे चार-सहा टायर एकामागून एक. खरा भार तिथे आहे.

म्हणून ‘२०० पीएसआय मॅक्स’ असं खोक्यावर छापलेलं असतं त्याला मी भुलत नाही. माझ्या बेलोंची कमाल मर्यादाच १०० आहे. पाहायचं ते ड्यूटी सायकल. ३३ टक्के म्हणजे दहा मिनिटं चालला की वीस मिनिटं विश्रांती. व्हायएअर कंपनीच्या ४००सी कॉम्प्रेसरला १०० पीएसआयवर ३३ टक्के दिलंय, ४८०सी ला १०० टक्के. पण हे आकडे २२ अंश तापमानाला मोजलेले असतात. आपल्याकडे एप्रिलात दुपारी पारा ४० वर असतो, आणि गाडीखाली सायलेन्सरच्या शेजारी किती असेल ते तुम्हीच सांगा.

माझ्यापुढे दोन वाटा आहेत. पहिली: ३३ टक्केवाला कॉम्प्रेसर, हवेची ५ लिटरची टाकी, स्विच ११० पीएसआयला चालू आणि १४५ ला बंद. दुसरी: १०० टक्केवाला, टाकी १० लिटरची, खर्च जवळपास दुप्पट. बेलोंना डावी-उजवी स्वतंत्र लाइन, दोन गेज आणि हाताने चालवायचे दोन व्हॉल्व्ह घेणार हे नक्की. आपोआप उंची राखणारे लेव्हलिंग व्हॉल्व्ह घ्यावेत का, यावर मन ठरत नाही. ट्रकसारखी ब्रेकच्या टाकीतून हवा घेता येणार नाही, माझे ब्रेक हायड्रॉलिक आहेत.

कोणी आपल्या भागात, आपल्या उन्हा-पावसात हे वापरलंय का? कॉम्प्रेसर खाली चासीवर की आत कपाटात?

प्रतिसाद (सातारा)

दादा, मी एमआयडीसीत मेंटेनन्सला आहे, न्यूमॅटिक्स, म्हणजे दाबाच्या हवेचं काम, रोजचंच. तुमचा हिशोब बरोबर आहे. पण आधी गळती बंद करा, कॉम्प्रेसर नंतर. रात्री दोन्ही बेलो ४० पीएसआयला भरून ठेवा, गेजवरचा आकडा लिहा, सकाळी परत बघा. पहाटेच्या गारव्याने एक-दोन पीएसआय उतरेल, ते सोडून द्या. त्याहून जास्त उतरत असेल तर कितीही भारी मशीन आणा, ते जळणारच.

नळी धारदार कटरने काटकोनात कापा. तुमच्याकडे कुपवाडला निळी पीयू नळी कुठेही मिळेल, पण ती उष्णतेने मऊ पडते. गाडीला एअर ब्रेकची नायलॉन नळी घ्या. कॉम्प्रेसरच्या तोंडाला मात्र नायलॉनही नको. तिथून निघणारी हवा चटका देते, म्हणून सोबत येते ती जाळीवाली नळीच ठेवा, आणि तिच्यापुढे चेक व्हॉल्व्ह, म्हणजे हवा उलटी येणार नाही.

वायर बघितली का? ३० अँपिअर ओढणाऱ्या मशीनला ४ एमएमची (म्हणजे चौरस एमएम) वायर, बॅटरीपासून जाऊन-येऊन १० मीटर, तर १.३ व्होल्ट वायरीतच जातात. मोटर कण्हत चालते आणि तापते. १६ एमएम टाका, नुकसान पाव-अर्ध्या व्होल्टच्या आत राहील. बॅटरीजवळ फ्यूज, मध्ये रिले.

आणि टायर रोज भरणार नसाल तर ३३ टक्केवाला पुरतो. दोन टायर भरा, चहा घ्या, पुढचे दोन भरा. काकूंसाठी लेव्हलिंग व्हॉल्व्ह नकोत असं माझं मत. त्या व्हॉल्व्हची दांडी कुठे वाकली की एक बाजू आपोआप फुगते आणि तुम्हाला कळतही नाही. हाताच्या व्हॉल्व्हला गेज समोर असतो.

धागाकर्ता

दादा, मनापासून आभार. वायरीकडे माझं लक्षच नव्हतं. आत्ता टॉर्च घेऊन पाहून आलो: ४ एमएमच आहे, आणि फ्यूजपाशी प्लास्टिक पिवळं पडलंय. पहिला पंप नुसता गळतीने मेला नाही तर.

रात्रीची चाचणीही केली. पायाच्या पंपाने दोन्ही बाजू ४० केल्या. टी काढून टाकलाय, त्यामुळे बाजू वेगळ्या मोजता आल्या. सकाळी सहाला उजवी ३९, डावी ३१. डाव्या बेलोच्या वरच्या एल्बोला (काटकोनी जोडाला) साबण लावला तर पुन्हा तेच बुडबुडे. एल्बो बदलून आज रात्री परत बघतो.

३३ टक्केवाला आणि ५ लिटरची टाकी हे आता ठरलं. उरलेल्या पैशात १६ एमएमची वायर आणि नायलॉन नळी. जागेचं तेवढं सांगा. कपाटात ठेवला तर आईच्या उशापाशी आवाज होईल, खाली ठेवला तर कोयनेच्या पावसात चिखल आणि पाणी. कॉम्प्रेसर खाली ठेवून हवा ओढायचा फिल्टर तेवढा नळीने वर कपाटात घेता येतो असं वाचलं. कोणी केलंय का? आणि हवेच्या टाकीत साचलेलं पाणी काढायचा ड्रेन कॉक पावसाळ्यात किती दिवसांनी उघडता?