दारू शोधायला मोबाईल कशाला बघतात?

माडाखालचो: परवा भाचा गोव्याहून येत होता, हायवेवर एका नाक्यावर थांबवला. डिकी बघितली, बॅगा उपसल्या, बाटली काय मिळाली नाय, मग म्हणे मोबाईल अनलॉक कर, आणि साहेब व्हॉट्सॲप वाचत बसले. दारू चॅटमध्ये लपवतात काय? अमेरिकेत घटनेतच मनमानी झडतीविरुद्ध कलम आहे, त्यामुळे २०१४ पासून अटक केलेल्याचा फोनसुद्धा सहसा वॉरंटशिवाय बघता येत नाही. आपल्या घटनेत असं कलम का नाय?

खाडीपलीकडे: लपवूचा काय आसा तुमका? १९९३ ला रायगडात शेखाडीला मुंबई स्फोटांचं आरडीएक्स उतरलं ते विसरलात? किनाऱ्यावर राहतो आपण. वॉरंट येईपर्यंत माल मुंबईत पोचेल.

काळा_कोट: ९३ तर उलटं उदाहरण आहे हो. त्याच वर्षी जानेवारीत तिथल्याच दिघीला उतरलेला माल गोंडघर फाट्यावर पोलिसांनी अडवला होता आणि पैसे घेऊन सोडला. टाडा (दहशतवादविरोधी कायदा) कोर्टात पोलीस, कस्टमवाले दोघेही दोषी ठरले. अधिकार कमी पडला नव्हता.

कलमाचं म्हणाल तर १९५४ ला सुप्रीम कोर्टाच्या आठ न्यायाधीशांनी सांगितलं, अमेरिकेसारखं कलम आपल्याकडे नाही. २०१७ ला पुट्टास्वामी केसमध्ये नऊ जणांनी प्रायव्हसी घटनेच्या कलम २१ मध्ये, म्हणजे जगण्याच्या आणि स्वातंत्र्याच्या हक्कात आणली. पण खरी गोम १९७४ च्या पूरनमल निकालात आहे, झडती बेकायदा असली तरी मिळालेला पुरावा चालतो. मग नियम पाळील कोण?

खाकीघर: आमचे बाबा खात्यात होते. रात्री दोनला झडतीला पंच (साक्षीदार) मिळवून दाखवा, गाव दारं लावून घेतं. कागदात एक चूक म्हणून चरसवाला सोडायचा?

काळा_कोट: चरस-गांजाला तो नियम आहेच की. अंगझडतीआधी राजपत्रित अधिकारी किंवा मॅजिस्ट्रेटसमोर झडती मागायचा हक्क सांगितला नाही तर त्या झडतीवर शिक्षा टिकत नाही, सुप्रीम कोर्टाचा बलदेव सिंग निकाल, १९९९. देश बुडाला का? आणि आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेत (जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेली) कलम १०५ आहे, झडतीचं व्हिडिओ शूटिंग करून मॅजिस्ट्रेटकडे पाठवायचं.

खाकीघर: शूटिंगला माझी ना नाय. उलट पोलिसावर खोटे आरोप तरी होणार नाहीत.

माडाखालचो: ता सगळा ठीक, पण भाच्याने तेव्हा करायचं काय होतं?

काळा_कोट: कुठल्या कलमाखाली बघताय ते शांतपणे विचारायचं, बक्कल नंबर लिहून घ्यायचा.

खाडीपलीकडे: रात्री नाक्यावर बक्कल नंबर विचारून बघा वकीलसाहेब, सकाळपर्यंत बसवून ठेवतील.