मदत हवी आहे: फनहाऊस पिनबॉलच्या बोर्डवरचे सेल बदलायचे आहेत, पण मेमरी पुसली जाता कामा नये

नमस्कार मंडळी,

मी शिकागोच्या उपनगरात राहतो. आमच्या तळघरात विल्यम्सचं १९९० सालचं 'फनहाऊस' आहे, पॅट लॉलर यांनी डिझाइन केलेलं, रूडी नावाचं बोलणारं बाहुल्याचं डोकं असलेलं. काल मागचा बॅकबॉक्स उघडला तर सीपीयू बोर्डवरच्या तीन डबल-ए सेलपैकी एकाच्या टोकाला पांढरी पूड दिसली. सेलवरची तारीख कधीच उलटून गेली आहे. पूड अजून होल्डरच्या पत्रीवरच आहे, खाली बोर्डवर उतरलेली दिसत नाही.

अल्कलाइन सेल फुटला की त्यातलं पोटॅशियम हायड्रॉक्साइड तांब्याच्या रेषा खात जातं आणि डब्ल्यूपीसी बोर्डांवर (विल्यम्सचे त्या काळातले बोर्ड) स्विच मॅट्रिक्सचा, म्हणजे खेळातले सगळे स्विच वाचणारा, भाग त्यात हमखास सापडतो, एवढं मला माहीत आहे. म्हणून थांबायचं नाहीये. बोर्ड वाचवायचाच आहे.

अडचण वेगळी आहे. मशीन बंद असताना हेच सेल ६२६४ रॅमला, म्हणजे मेमरीच्या चिपला, वीज पुरवतात. सेटिंग्ज गेल्या तर पुन्हा करेन, हिशेबाचे आकडे गेले तरी चालतील. पण उच्चांकांच्या यादीत माझ्या वडिलांची तीन अक्षरं आहेत. ते सांगलीहून यायचे तेव्हा रोज रात्री जेवण झालं की खेळायचे. आता ते नाहीत. यादीचा फोटो काढून ठेवला आहे, तरी ती अक्षरं मशीनमध्येच राहावीत अशी फार इच्छा आहे.

लिथियम सेल, लांब बसवायचा होल्डर आणि बॅटरीच न लागणारी एनव्हीरॅम, असे तीन मार्ग वाचले. माझ्या बाबतीत कोणता धरावा? आणि कामाचा क्रम काय ठेवावा? सोल्डरिंग बऱ्यापैकी येतं.

प्रतिसाद १

बोर्डाचा विचार केला तर एनव्हीरॅमला तोड नाही. जुनी रॅम काढायची, २८ पायांचा सॉकेट बसवायचा, त्यात एफरॅमची, म्हणजे विजेशिवाय मेमरी टिकवणारी, चिप घालायची. सेलच नाहीत, मग गळणार काय? फक्त मशीनला आजची तारीख-वेळ बंद असताना लक्षात राहणार नाही. फनहाऊसमध्ये त्याने काही बिघडत नाही, खेळातलं ते बाराकडे सरकणारं घड्याळ वेगळं. पण रॅम काढली की यादी गेलीच. शिवाय जुन्या बोर्डावर २८ पाय सुटे करताना रेषा उचकटू शकते. त्यामुळे तुम्हाला हा मार्ग सुचवत नाही.

प्रतिसाद २

दादा, यादी राखून काम होतं. लांबचा होल्डर घ्या, आत लिथियम डबल-ए घाला आणि वायर पुरेशी लांब ठेवा, म्हणजे होल्डर बोर्डांच्या खाली बसवता येईल. पुढेमागे काही गळलंच तर बोर्डावर पडणार नाही. धन वायरीत एक १एन५८१७ डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा) घाला, त्याच्यावरची पट्टी बोर्डाच्या बाजूला. बोर्डावर त्याच कामाचा डी२ डायोड आहे, पण तो कधी शॉर्ट झाला तर मशीन सेलना चार्ज करायला लागेल. लिथियमच्या बाबतीत ते धोक्याचं.

क्रम असा ठेवा. मशीन बंद करून प्लग काढा. कनेक्टरांचे फोटो घ्या आणि बोर्ड जुन्या सेलसकट बाहेर काढा. सेल जागेवर आहेत तोवर मेमरी शाबूत आहे. बोर्ड कोरड्या लाकडी टेबलावर ठेवा. चकचकीत अँटिस्टॅटिक पिशवी किंवा काळा फोम नको, त्यातून वीज वाहते आणि तेवढ्यानेही मेमरी जाऊ शकते. मागच्या बाजूने होल्डरच्या धन आणि ऋण टोकांना नव्या वायरी सोल्डर करा, त्या वेळी नवा होल्डर रिकामा असू द्या. मग नवे सेल घाला आणि लगेच जुन्यांतला एक काढा. दोन्ही संच समांतर राहिले तर नवे सेल जुन्यांना चार्ज करत बसतील. रॅमच्या २८ आणि १४ नंबरच्या पायांमध्ये मीटर लावा. साडेतीन व्होल्टच्या वर आलं की निर्धास्त व्हा, रॅमला मेमरी धरून ठेवायला दोन व्होल्ट पुरतात.

जुना होल्डर त्यानंतरच काढा. पूड जिथे लागली आहे तिथे पांढऱ्या व्हिनेगरचा कापसाचा बोळा, मग डिस्टिल्ड पाण्याचा, शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोल. पाण्याखाली मात्र बोर्ड धरू नका, सेल जोडलेले आहेत.

मूळ प्रश्नकर्ता

मनापासून आभार. मशीन चालू ठेवूनच सेल बदलले तर? ते सोपं वाटत होतं.

प्रतिसाद २

नुसते सेल बदलायचे असते तर तसं करतात, मेमरी टिकते. पण तुमची पत्री खराब झाली आहे, होल्डर काढावाच लागेल आणि चालू बोर्डावर सोल्डरिंग करायचं नाही. त्यात फनहाऊसला अक्षरांचे प्लाझ्मा डिस्प्ले आहेत, त्यांना शंभर व्होल्टच्या घरातला दाब लागतो. चालू मशीनमध्ये हात घालू नका.

आणखी एक, आणि हे आजच करा. कॉइन डोअरमधल्या (नाणी टाकायच्या दाराआतल्या) बटणांनी अ‍ॅडजस्टमेंट्स या सेटिंग्जच्या मेनूत जा. ठरावीक खेळ झाले की उच्चांकांची यादी आपोआप मूळपदावर आणायची सोय तिथे असते. ती बंद करा. नाहीतर सेल ताजे असूनही वडिलांची अक्षरं एके दिवशी मशीनच पुसून टाकेल.